स्पेनचं डिझेल

मंजिरी आमच्या शेजारी राहायला आली तेव्हा तिचं काम नेमकं काय आहे हे मला कळायला बराच वेळ लागला. नवरा राजीव आमच्या गावच्या, टूवूंबाच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीला डॉक्टर, तेवढं सोपं होतं. ती स्वतः पुण्याची मेकॅनिकल इंजिनीअर. लग्नाआधी चाकणला ट्रकच्या कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या घ्यायची. इथे रोज सकाळी मुलीला, अनन्याला, शाळेत सोडून ती गावाबाहेरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका बैठ्या ऑफिसात जायची. विचारलं तर म्हणायची, "ट्रक बघते." मला वाटायचं, इथलेच. कापूस आणि गुरं नेणारे लांबलचक ट्रक आमच्या घरामागून सतत जात असतात. पण तिचे ट्रक नॉर्वेत होते.

तिची कंपनी ट्रकवर लक्ष ठेवण्याची यंत्रणा विकायची. युरोपच्या उत्तरेकडचे काही वाहतूकदार तिचे गिऱ्हाईक होते. इथे दक्षिण गोलार्धात तिकडच्या हिवाळ्यात उन्हाळा आणि तिकडच्या रात्री दिवस असतो, म्हणून रात्री तिकडे कुणाला जागं ठेवण्यापेक्षा टूवूंबातच एक डेस्क उघडलं होतं. हिवाळ्यात ट्रक घाटात चढण्याआधी ड्रायव्हरला फोन करायचा, ट्रक आणि माणूस दोघंही थंडीसाठी तयार आहेत की नाहीत ते बघायचं, आणि गाडी हिरवी की लाल ते स्क्रीनवर ठरवायचं. ब्रेकच्या हवेत पाणी तर साचलं नाही ना, कारण ते गोठलं की ब्रेक धरून बसतात. बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या कुठे आहेत आणि त्या चढवता येतात का. गाडीत फावडं, झोपायची जाड पिशवी, कोरडे मोजे, खायला काही आहे का. बाहेर अडतीस डिग्री ऊन, एसीचा घरघराट, आणि ही हेडफोन लावून विचारतेय की लोकरीचे हातमोजे आहेत की नुसते कामाचे.

कंपनीने तिला एकदा शिकायला तिकडे पाठवलं होतं. गोठलेल्या मैदानावर ट्रक मुद्दाम घसरवायला लावला, बर्फात आडवं पडून साखळ्या लावायला लावल्या. एकदा तिने हातमोजा काढून साखळीची कडी धरली, तर बोटांची कातडी लोखंडाला चिकटली. परत आल्यावर ती मला म्हणाली होती, "थंडी ही थंडी नसतेच तिकडे. कुणीतरी समोर उभं असल्यासारखी असते." त्यानंतर ड्रायव्हरांना प्रश्न विचारताना ती घाई करेनाशी झाली. काहींना त्याचा कंटाळा यायचा.

दाइनिउसला यायचा नाही. हा लिथुआनियाचा, पन्नाशी ओलांडलेला ड्रायव्हर. आयुष्यभर स्पेन, इटली, फ्रान्स अशा दक्षिणेच्या रस्त्यांवर संत्री-टोमॅटो वाहिलेला. बायको गेल्यावर त्याने नॉर्वेची नोकरी धरली, कारण तिकडे ट्रिप लांब असायची आणि रिकाम्या घरी कमी परतावं लागायचं. उत्तरेतला हा त्याचा पहिलाच हिवाळा. ऑक्टोबरपासून मंजिरीनेच त्याला तयार केलं. व्हिडिओवर फोन उभा करून त्याच्याकडून साखळ्या लावून घेतल्या, काढून घेतल्या, पुन्हा लावून घेतल्या. उतारावर ब्रेक कधी मारायचा नाही, धुरळ्यासारखा बर्फ उडायला लागला की काय करायचं, थांबलो तर गाडी सोडून का जायचं नाही, सगळं. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण विनोद करण्यापुरतं भरपूर. तो तिला "मॅन्जी" म्हणायचा, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी टूवूंबाचं तापमान विचारायचा. ती आकडा सांगायची. तो म्हणायचा, थोडं इकडे पाठव.

त्या जानेवारीत तो स्पेनला सॅमन मासा पोचवून परत आला होता आणि लगेच दुसरी खेप भरून नार्विकच्या बाजूने निघायचा होता. घाट चढून स्वीडनमध्ये उतरायचं, तिथून खाली दक्षिणेला. ताजा सॅमन बर्फाच्या खोक्यांत भरलेला असतो. त्याला उशीर चालत नाही. मंजिरीने नेहमीसारखा फोन केला. हवा, साखळ्या, फावडं सगळं ठीक. मग तिने विचारलं, डिझेल कुठे भरलंस.

एका टाकीत इथलं, तो म्हणाला. दुसरीत अजून स्पेनचं बरंच आहे.

थंडीत खोबरेल थिजतं तसं डिझेलही थिजतं. उत्तरेत विकतात ते डिझेल वेगळं, कडाक्याच्या थंडीतही वाहतं राहणारं. दक्षिणेतलं डिझेल तिथल्या हिवाळ्यापुरतं असतं. थंडी फार उतरली की त्यात मेणाचे कण धरतात आणि फिल्टर बुजतो. मग इंजिन बंद पडतं. आणि इंजिन बंद असताना ड्रायव्हरच्या केबिनला ऊब देणारा हीटरही त्याच टाकीवर चालत असल्यामुळे तोही बंद पडतो. मंजिरीने गाडी लाल केली. ट्रक गरम शेडमध्ये घ्या, स्पेनचं डिझेल काढा, फिल्टर बदला, मग सोडा, असं लिहून तिकडे ट्रक रवाना करणाऱ्या डिस्पॅचरला फोन लावला.

डिस्पॅचरचं नाव हेनिंग. माणूस वाईट नव्हता, पण त्या रात्री त्याच्याकडे शेड रिकामी नव्हती आणि मासळी पडून होती. घाटात उणे बाराच दाखवताहेत, तो म्हणाला. दोन्ही टाक्यांतलं मिसळलं की भागेल. त्याने स्क्रीनवर स्वतःचं, लाल असूनही गाडी सोडायचं बटण दाबलं. तिच्या लाल खुणेच्या शेजारी तो निर्णय उमटला आणि काही वेळाने नकाशावरचा ठिपका हलला.

तिने टीम लीडला फोन केला. शंतनू दुसऱ्या शहरात, गुंगालिनला, घरून काम करायचा. तिच्यापेक्षा वयाने लहान, पण समंजस मुलगा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "मंजिरी, आपण सल्ला देतो. निर्णय त्यांचा असतो. करारातच तसं आहे."

ती म्हणाली, "तो गेलाय, शंतनू. आत्ता चढायला लागलाय."

शंतनू म्हणाला, मेल टाकून ठेव.

तिने मेल टाकला. दाइनिउसलाही फोन केला. तू स्वतः नाही म्हणू शकतोस, असं त्याला सांगितलं. तो हसला. हेनिंग म्हणतो चालेल, आणि तू म्हणतेस नाही चालणार, आणि पगार हेनिंगकडून येतो, असं काहीसं तो म्हणाला. त्यात रागाचा लवलेश नव्हता. उलट तिलाच वाईट वाटू नये म्हणून बोलल्यासारखं होतं.

घाटात वारा अचानक वाढला. तो वर पोचण्याआधीच खाली रस्त्याचा अडसर लावला गेला. म्हणजे त्याच्यामागून आता कुणी येणार नव्हतं, आणि पलीकडूनही नाही. समोरचं काही दिसेना तेव्हा त्याने, शिकवलं होतं तसंच, रस्त्याच्या कडेच्या रुंद जागेत ट्रक उभा केला आणि फोन केला. ती म्हणाली, छान केलंस, इंजिन चालू ठेव, अडसर उघडेपर्यंत हलू नकोस. अंदाज उणे बाराचा होता. ट्रकवरचा सेन्सर उणे एकोणीस दाखवत होता.

इंजिन बंद पडलं तेव्हा इकडे जेवणाची वेळ झाली होती. शेजारच्या टेबलावर कुणी मायक्रोवेव्हमधून डबा काढत होतं. मंजिरीच्या स्क्रीनवर नुसता एक आकडा शून्य झाला. हीटर थोडा वेळ चालला आणि मग खोकत थांबला. तिने तिथल्या आपत्कालीन नंबरावर फोन केला. तिकडच्या बाईने शांतपणे सांगितलं की बर्फ हटवणारी गाडी निघाली होती पण परत फिरली. वर हिमकडे कोसळण्याचा धोका आहे, वारा पडल्याशिवाय कुणालाही सोडता येणार नाही. हेलिकॉप्टर या वाऱ्यात उडणार नाही. ड्रायव्हरने गाडीत बसून राहावं. मंजिरीने अजून दोनदा फोन केला. उत्तर तेच होतं, आणि ते बरोबरही होतं.

पुन्हा दाइनिउसला फोन लावला तर तो उचलेना. उचलला तेव्हा धापा टाकत होता. तो बाहेर जाऊन आला होता. त्याच्याकडे एक जादा फिल्टर होता, तो बदलून बघावा असं त्याला वाटलं. जन्मभर रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या त्याने स्वतःच सुरू केल्या होत्या. जाड हातमोज्यांत नट फिरेना म्हणून ते काढले. फिल्टर उघडल्यावर डिझेल हातावर सांडलं.

"हात भिजलेत?" मंजिरीने विचारलं.

"भिजलेत. पण आता दुखत नाहीत."

ती मला नंतर म्हणाली की दुखणं थांबणं हे दुखण्यापेक्षा वाईट, हे तिला तिकडे शिकवलं होतं. तिने त्याला हात पुसायला लावले, काखेत धरायला लावले, होतं नव्हतं ते सगळं अंगावर चढवून पिशवीत शिरायला लावलं. मग दुसऱ्या फोनवरून राजीवला लावला.

राजीव ड्यूटीवर होता. उन्हाने चक्कर येऊन पडलेला एक मजूर त्याच्यासमोर खाटेवर होता. त्याने बाजूला येऊन ऐकलं. "बोलत ठेव त्याला," तो म्हणाला. "कुडकुडतोय तोवर ठीक. कुडकुडणं थांबलं आणि तो गरम होतंय म्हणाला, कपडे काढायला लागला, तर काहीही करून थांबव."

"कसं थांबवू?"

"बोलत राहा," तो पुन्हा म्हणाला.

स्क्रीनवर दोन तापमानं शेजारी शेजारी दिसत होती. एक केबिनचं, ते उतरत होतं. दुसरं मागच्या ट्रेलरचं. मासळीच्या ट्रेलरला स्वतःचं छोटं इंजिन असतं आणि त्याची टाकीही वेगळी. ती नार्विकलाच भरलेली होती. बाहेर फार थंडी असली की ते यंत्र माल गोठू नये म्हणून उलट ऊब देतं. मासे दोन डिग्रीवर होते, व्यवस्थित. माणूस शून्याच्या बराच खाली होता आणि त्याच्या पाठीमागे एका भिंतीपलीकडे मासे त्याच्याहून उबेत होते.

हे मंजिरीच्या लक्षात आलं आणि तिला दुसरं काही सुचेना. त्याला ट्रेलरमध्ये पाठवावं का? दारं मागच्या टोकाला. तिथवर ट्रकच्या लांबीइतकं वाऱ्यात चालायचं, सुन्न बोटांनी कुलूप काढायचं, त्या वाऱ्यात ते जड दार उघडून पुन्हा ओढून घ्यायचं. आत खोकी दारापर्यंत रचलेली. जागा करायची तर खोकी बाहेर टाकावी लागणार. तिने राजीवला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, बोटं गेली असतील तर तो दार उघडू शकणार नाही, आणि बाहेर पडला तर परत केबिनला पोचेल याची खात्री नाही. हेनिंगला विचारलं. तो म्हणाला, मला माहीत नाही. त्याचा आवाज आता अगदी वेगळा होता. आपत्कालीन नंबरावरच्या बाईने सांगितलं, गाडीतून उतरायचं नाही. शंतनूने सांगितलं, ते जे म्हणतील तेच आपण सांगायचं.

हेनिंग सोडून सगळे एकच सांगत होते. तिनेही दाइनिउसला तेच सांगितलं. आहेस तिथेच बस.

मग ती बोलत राहिली. त्याच्या मुलीचं नाव विचारलं, गावातल्या नदीचं नाव विचारलं. त्याने टूवूंबाचं तापमान विचारलं. अडतीस म्हणताना तिला शरम वाटली. त्याचे शब्द हळूहळू जड झाले, एकमेकांत मिसळायला लागले. इंग्रजी सुटलं आणि तो आपल्या भाषेत बोलायला लागला. लांब, शांत वाक्यं, घरातल्या माणसाशी बोलावं तशी. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ती मधूनमधून "हो" म्हणत होती, मराठीत. आता इंग्रजी बोलून तरी काय उपयोग, असं तिला वाटलं. मग इंजिन सुरू करायच्या धडपडीत आधीच अर्धी झालेली ट्रकची बॅटरी संपली, तिच्यावर चालणारा फोन बंद पडून आवाज तुटला आणि केबिनचा आकडाही स्क्रीनवरून गेला. ट्रेलरचा मात्र दिसत राहिला. दोन डिग्री.

दुपार कलताना तिची शिफ्ट संपली. पुढच्या शिफ्टचा माणूस आला, तिने खुर्ची सोडली नाही, तो दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसला. अनन्याला शाळेतून मी आणलं. गाडीत ती म्हणाली, "Is Mum's truck guy okay?" घरी तिला पोहे करून दिले. ती टीव्हीसमोर बसून खात राहिली.

वारा पडल्यावर बर्फ हटवणारी गाडी वर गेली. हेनिंगचा फोन आला की तो जिवंत आहे. मंजिरीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि शेजारच्या माणसाला म्हणाली, "जिवंत आहे." तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला. तिला रडू आलं नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर स्टिअरिंग इतकं तापलं होतं की हात लावता येईना, आणि मग ती खूप वेळ तशीच बसून राहिली.

दाइनिउसचा जीव वाचला. उजव्या हाताची सगळी बोटं गेली, डाव्याची तीन, आणि एका पायाचा पुढचा भाग. डॉक्टर म्हणाले की हातांचं नुकसान मुख्यतः ओल्या डिझेलने झालं, ते अगदी सुरुवातीलाच झालं असणार. मासळी दुसऱ्या ट्रकने पुढे गेली. उशिरा, पण चांगल्या अवस्थेत.

चौकशी झाली. मंजिरीचा लाल शेरा आणि तिचा मेल दोन्ही सापडले. तिचं कौतुक झालं, डेस्कने आपलं काम चोख केलं असं ठरलं. हेनिंगने नोकरी सोडली. तिने कंपनीकडे मागणी केली की लाल गाडी सुरूच होणार नाही अशी सोय यंत्रणेत करा. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नव्हतं, शंतनूही तिच्या बाजूने बोलला. पण गिऱ्हाइकांना ते नको होतं. आपला ट्रक हलायचा की नाही हे दुसऱ्या खंडातल्या डेस्कने ठरवावं, याला कुणी तयार होईना.

मे-जूनमध्ये इकडे थंडी पडायला लागली त्या सुमारास दाइनिउसचा व्हिडिओ कॉल आला. तो लिथुआनियात मुलीकडे राहत होता. मुलीने फोन धरला होता. तो बारीक झाला होता, दाढी वाढलेली. त्याने मंजिरीचे आभार मानले. त्या रात्रीचं फारसं काही आठवत नाही, म्हणाला, तुझा आवाज तेवढा आठवतो. थोडा वेळ इकडचंतिकडचं बोलणं झालं. मग त्याने विचारलं, अगदी साधेपणाने, एखाद्या रस्त्याबद्दल विचारावं तसं.

"मॅन्जी, मासे दोन डिग्रीवर होते ना? मला मागे का नाही पाठवलंस?"

तिने सगळं सांगितलं. दारं, वारा, बोटं, खोकी, कोण काय म्हणालं ते. तो मान हलवत होता. मुलगी फोन धरून खाली बघत होती. शेवटी तो म्हणाला, हो, बरोबर आहे. दार उघडलं नसतं. मग म्हणाला, कदाचित उघडलं असतं.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली. मी चहा टाकला. तिने मला विचारलं नाही की मी असते तर काय केलं असतं. राजीवलाही तिने पुन्हा विचारलं नव्हतं. राजीवने आपणहून एकदा म्हटलं होतं की बाहेर पडला असता तर बहुतेक मेला असता. "बहुतेक," ती मला म्हणाली, आणि कप तसाच ठेवून खिडकीबाहेर बघत बसली.

ती नोकरी सोडेल असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. राजीव तर म्हणायचा, सोड, युनिव्हर्सिटीत शिकव, इथे इंजिनीअर हवेच आहेत. तिने चौकशीही केली. पण ऑक्टोबरात पुन्हा तिकडचा मोसम सुरू झाला आणि ती आपल्या खुर्चीत होती. कारण विचारलं तर नीट सांगता येत नाही तिला. एवढंच म्हणते की डेस्कवर नवीन आलेली मुलं सगळं विचारतात, पण डिझेलचं शेवटी विचारतात.

ती आता तेच आधी विचारते. फोन उचलला की नाव, गाडी आणि लगेच, डिझेल कुठे भरलं. ड्रायव्हरांना हे माहीत झालंय. काही जण खरं सांगतात, मग गाडी लाल होते, कधी शेडमध्ये जाते, कधी कुणी बटण दाबून पुढे काढतं. आणि काही जण प्रश्न संपायच्या आतच सांगून टाकतात, "नॉर्वेत, दोन्ही टाक्या नॉर्वेत." ती अजून एकदा विचारते. ते पुन्हा तेच सांगतात. इतक्या लांबून टाकीत वाकून बघता येत नाही. मग ती गाडी हिरवी करते आणि ठिपका घाट चढेपर्यंत स्क्रीनवरून नजर काढत नाही.